फ्रिजला कान

संध्याकाळी सव्वासातला निषाद फ्रिजला कान लावतो.
डावा. नेहमी डावाच.
गाल पत्र्याला टेकवून, डोळे पंख्याच्या रेग्युलेटरवर,
आणि आतली घरघर बंद झाली की म्हणतो, "थांबला."
मग आम्हीही थांबतो.
वाढलेली ताटं तशीच राहतात,
कौस्तुभ, साडेचार वर्षांचा, घराचा दुभाषी,
ओठांवर बोट ठेवून मला दटावतो.
अकरा मिनिटं. कधी तेरा.
फ्रिज हुंकारतो. "आला," म्हणत निषाद
जेवायला बसतो.

मला सातवा लागलाय.
कारेलीबागेतल्या या इमारतीला लिफ्ट आहे,
पण तिचं दार मिटताना निषादला सोसत नाही,
तेव्हा बावन्न पायऱ्या,
आणि सतराव्या पायरीवर पाय द्यायचा नाही,
त्याने नाही, मी नाही.
पोट पुढे घेऊन एक पायरी गाळणं
काय असतं ते कठडाच जाणे.

समोरच्या कोकिलाबेन खांडवी देऊन गेल्या.
"नानी बेन आवशे ने, एटले बोलतो थई जशे."
मी डबा धुऊन, साखर घालून परत केला.
सासूबाई फोनवर जे विचारत नाहीत
ते मला स्पष्ट ऐकू येतं.
डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं, मोठ्याचं निदान कधी झालं?
तीन वर्षं दोन महिन्यांचा असताना, मी सांगितलं.
गुरुवार होता, हे नाही सांगितलं,
घरी येऊन दोन किलो मटार सोलले, हेही नाही.

परवा हृषीकेशने माळ्यावरून पाळणा काढला.
तो बसवायला फ्रिज दीड फूट सरकवावा लागला.
दीड फूट.
निषाद चार तास ओरडला,
आधी स्वतःच्या मनगटाला चावला, मग माझ्या.
कौस्तुभ पलंगाखाली शिरला आणि तिथूनच म्हणाला,
"आई, बाळाला सांग ना, नको येऊ."
रात्री अकराला फ्रिज परत ढकलला,
फरशीवरच्या चार जुन्या डागांवर
त्याचे चार पाय नीट बसेपर्यंत.
पाळणा आता न्हाणीघराच्या वाटेत आहे.
येता-जाता गुडघ्याला लागतो. लागू दे.

काल लाइट गेली. मे महिना, आणि नेमके सव्वासात.
सगळी सोसायटी एकदम गप्प,
पंखे, पाण्याची मोटर, कोकिलाबेनची मालिका.
"थांबला."
अकरा मिनिटं. तेरा. वीस.
निषादची बोटं हवेत भराभर नाचायला लागली.
पुढचं मला माहीत असतं.
मी काचेचे पेले वर ठेवले, उशी जवळ घेऊन बसले.

पण तो भिंतीला कान लावायला गेला.
मग दाराला. वॉशिंग मशीनला.
बापाच्या पाठीला, ती नुसतीच घामेजलेली.
मग वाटेत मी होते, खुर्चीत,
आणि त्याने कान टेकवला.
डावा.

तो मला बिलगला नव्हता, हे लिहून ठेवते,
नाहीतर उद्या माझंच मन मला फसवील.
तो चालू असलेलं काहीतरी शोधत होता, बस.
आतून लाथ बसली, थेट त्याच्या कानशिलात.
तो हलला नाही.
"चालू," म्हणाला.

कौस्तुभ धावत आला, मला पण, मला पण,
दुसऱ्या बाजूने कान लावून डोळे मिटून राहिला.
काय ऐकू येतंय रे?
"तू खाल्लेली भेंडी."

आठ-दहाला लाइट आली.
फ्रिज हुंकारला. निषाद उठला
आणि मागे न बघता आपल्या जागी गेला.
माझ्या गाऊनवर कानाएवढा ओला डाग,
पंखा फिरायला लागला तसा
कडेकडेने वाळत आलेला.